फायनान्शियल फ्लेक्सिबिलिटीने कंपनीचा परफॉर्मन्स खरंच सुधारतो का? माझे आकडे उलटे येताहेत

आकडेमोड
नमस्कार मंडळी. एम.कॉम.च्या प्रोजेक्टला विषय घेतलाय फायनान्शियल फ्लेक्सिबिलिटी आणि कंपनीचा परफॉर्मन्स. घेताना वाटलं होतं सोपा आहे, ज्याच्याकडे पैसा मोकळा आणि कर्ज कमी त्याचं बरं चालणार, यात सिद्ध काय करायचं. लिस्टेड मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांचा पॅनल डेटा आहे (त्याच कंपन्या, अनेक वर्षं), २०२० धरून. इंडेक्स असा केलाय की कंपनीचा कॅश रेशो (एकूण असेटपैकी कॅश किती) वजा इंडस्ट्रीचा सरासरी कॅश रेशो, आणि त्यात अधिक इंडस्ट्रीचा सरासरी डेट रेशो वजा कंपनीचा डेट रेशो (हा भाग निगेटिव्ह आला तर शून्य धरलाय). परफॉर्मन्ससाठी एकदा आरओए (नफा भागिले एकूण असेट) आणि एकदा टोबिन्स क्यू (मार्केट व्हॅल्यू भागिले असेट).

आता रिझल्ट. आरओएवर इंडेक्सचा कोएफिशियंट (परिणामाचा आकडा) निगेटिव्ह आणि सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा. क्यूवर जवळजवळ काहीच नाही. फक्त २०२० हे एकच वर्ष घेऊन बघितलं की पॉझिटिव्ह होतं. इंडेक्सचा वर्ग टाकला तर उलटा यू दिसतो, म्हणजे आधी वाढतं मग घटतं असं. गाइड सर म्हणाले बहुतेक पेपरमध्ये पॉझिटिव्ह येतं, तुझं निगेटिव्ह का ते समजावून सांग नाहीतर डेटा परत तपास. डेटा तपासून झालाय, त्यात काही घोळ नाहीये.

मला रिग्रेशनपेक्षा आधी मुद्दा समजून घ्यायचाय. प्रत्यक्ष कंपनीत फ्लेक्सिबिलिटी म्हणजे नक्की काय बघतात, आणि तिचा फायदा नफ्यात दिसायला हवा तर कुठल्या वाटेने दिसतो? कुणी कंपनीच्या फायनान्समध्ये किंवा बँकेत असेल तर प्लीज लिहा.

ट्रेझरीवाला
चांगला प्रश्न आहे आणि तुमचे आकडे मला अजिबात उलटे वाटत नाहीयेत. सांगतो का.

आमच्याकडे फ्लेक्सिबिलिटी हा शब्द कुणी वापरत नाही. आमच्या मीटिंगला प्रश्न असे असतात की उद्यापासून कलेक्शन पूर्ण थांबलं तर पगार, व्याज आणि मोठे सप्लायर किती महिने निघतील. पुढच्या बारा महिन्यांत कुठल्या महिन्यात किती परतफेड आहे आणि एकाच तिमाहीत गर्दी झालीये का. बँकेच्या लिमिटपैकी न वापरलेलं किती, त्यातलं किती कमिटेड आहे म्हणजे ज्यावर आपण कमिटमेंट फी भरतो आणि बँकेला द्यावंच लागतं, आणि किती नुसतं तोंडदेखलं आहे जे बँक एका पत्राने काढून घेऊ शकते. आणि चौथं, कुठली प्रॉपर्टी अजून कुणाकडे गहाण नाही. यातल्या फक्त एका गोष्टीचं थोडंसं प्रतिबिंब तुमच्या कॅश रेशोत पडतं, बाकीचं तुमच्या इंडेक्सला दिसतच नाही.

आता खर्चाची बाजू, कारण आरओए निगेटिव्ह येण्याचं मोठं कारण तिथेच आहे. समजा कंपनीवर ९ टक्क्यांचं कर्ज आहे आणि तरी ती ६ टक्क्यांवर पैसा पार्क करून ठेवते. मधले ३ टक्के दरवर्षी जातात. आम्ही त्याला कॅरी कॉस्ट म्हणतो आणि दर बोर्ड मीटिंगला कुणीतरी डायरेक्टर विचारतोच की एवढा पैसा पडून आहे तर कर्ज का फेडत नाही. प्रश्न बरोबर आहे, साध्या वर्षात त्याला उत्तर नसतं. कर्ज फेडलं की ते परत मिळायला वेळ लागतो आणि नेमकं हवं तेव्हा मिळेल याची खात्री नाही, एवढंच सांगता येतं. म्हणजे विम्याचा हप्ता आहे तो. दहा वर्षांपैकी नऊ वर्षं नुसता हप्ता जाणार, आणि तुम्ही त्या सगळ्या वर्षांची सरासरी काढलीये.

मग फायदा कुठे होतो? व्याजाच्या उत्पन्नात नाही, निर्णयांमध्ये होतो. मंदीत बाकीचे लोक प्लँटचं काम अर्धवट सोडतात तेव्हा तुम्ही पूर्ण करता. सप्लायरला वेळेत पैसे देता म्हणून टंचाईत माल आधी तुम्हाला येतो. रिसर्चची माणसं काढावी लागत नाहीत. २००८ च्या संकटात अमेरिका, युरोप आणि आशियातल्या हजारावर सीएफओंचा (कंपनीच्या फायनान्स प्रमुखांचा) सर्व्हे झाला होता, त्यात पैशाची अडचण असलेल्या अमेरिकन कंपन्यांपैकी ८६ टक्क्यांनी सांगितलं की चांगले दिसणारे प्रोजेक्टसुद्धा अडले. लक्षात घ्या, चांगले प्रोजेक्ट. जे झालंच नाही त्याचा नफा कुठल्याच बॅलन्सशीटवर दिसत नाही, आणि जिच्याकडे पैसा होता तिचा फायदाही त्याच वर्षी न दिसता दोन-तीन वर्षांनी मार्केट शेअरमध्ये दिसतो. तुम्ही त्याच वर्षाचा आरओए घेतलाय का? घेतला असेल तर ते आधी बदला.

एक उदाहरण मला फार आवडतं, फोर्डचं. २००६ च्या शेवटी त्यांनी जवळपास २३.६ अब्ज डॉलरची कर्जाची सोय केली, आणि त्यासाठी कारखाने, पेटंट, ट्रेडमार्क, अगदी तो निळा लंबगोल लोगोसुद्धा गहाण टाकला. त्या वेळी बऱ्याच लोकांना तो हताशपणा वाटला. मग २००८ आलं, कर्जबाजार गोठला. २००९ मध्ये क्रायस्लर एप्रिलला आणि जनरल मोटर्स जूनला दिवाळखोरीत गेली, फोर्ड सरकारी बेलआउट न घेता त्यातून निघाली. लोगो वगैरे गहाण मालमत्ता २०१२ मध्ये रेटिंग सुधारल्यावर मोकळी झाली. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे शब्दशः केलं त्यांनी.

आता तुमचा इंडेक्स फोर्डला लावून बघा. कर्ज वाढलं म्हणून डेटचा भाग थेट शून्य. कॅश वाढली म्हणून थोडे मार्क. एकुणात तुमचं मॉडेल म्हणेल की २००६ मध्ये फोर्डची फ्लेक्सिबिलिटी फारशी वाढली नाही, कदाचित कमीच झाली. आणि खरं तर त्यांनी कर्ज काढूनच फ्लेक्सिबिलिटी विकत घेतली होती.

रिग्रेशनताई
ट्रेझरीवाल्यांनी धंद्याची बाजू छान मांडली, मी आकड्यांची मांडते. @आकडेमोड, तुझ्या निगेटिव्ह कोएफिशियंटचा निम्मा भाग तरी निव्वळ भागाकाराचा आहे असं मला वाटतं.

बघ. दोन कंपन्या घे, धंदा हुबेहूब सारखा. पहिलीचे असेट १००, नफा २०, आरओए २० टक्के. दुसरीचं सगळं तेच, वर ५० कॅश पडलेली आहे जिच्यावर ६ टक्के मिळतात. नफा २३, असेट १५०, आरओए १५.३ टक्के. दुसरीचा धंदा कणभरही वाईट नाही, तरी परफॉर्मन्स पडलेला दिसतो. क्यूचंही तसंच. पहिलीचं मार्केट व्हॅल्यू २०० असेल तर क्यू २, दुसरीचं २५० धरलं तर २५० भागिले १५० म्हणजे १.६७. कॅश वरही मिळवली जाते आणि खालीही, त्यामुळे क्यू आपोआप १ कडे सरकतो. म्हणून नफ्यातून व्याजाचं उत्पन्न काढ, असेटमधून कॅश काढ आणि नुसत्या ऑपरेटिंग असेटवर रिटर्न घे. हे एवढं केलंस तरी चित्र बरंच बदलेल असा माझा अंदाज.

दुसरी अडचण उलट दिशेची. ज्या कंपन्या आधीपासून नफ्यात असतात त्यांच्याकडे कॅश साठते आणि त्या कर्ज कमी घेतात, कारण बहुतेक मॅनेजर आधी घरचा पैसा वापरतात, मग कर्ज आणि शेवटी शेअर. म्हणजे परफॉर्मन्समुळे फ्लेक्सिबिलिटी, की फ्लेक्सिबिलिटीमुळे परफॉर्मन्स? गाइड सर ज्या पॉझिटिव्ह पेपरांबद्दल बोलताहेत त्यातल्या कितीतरी पेपरांत हीच गडबड असते, पॉझिटिव्ह आलं म्हणजे बरोबर आलं असं नाही. आणि यातून फक्त लॅग टाकून, म्हणजे मागच्या वर्षीचा इंडेक्स घेऊन, सुटका नाही बरं का, नफा वर्षानुवर्षं टिकणारा असतो, मागच्या वर्षीची कॅश ही त्याच्याही मागच्या नफ्याचीच असते. फर्म फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक कंपनीचा कायमचा वेगळेपणा बाजूला काढणारे) तर हवेतच.

तिसरं, कर्ज कमी म्हणजे फ्लेक्सिबिलिटी जास्त, हे गृहीतक. अमेरिकेतल्या मोठ्या बिगर-वित्तीय लिस्टेड कंपन्यांत १९६२ ते २००९ या काळात सरासरी १०.२ टक्के कंपन्यांवर अजिबात कर्ज नव्हतं. त्यातल्या काहींनी ठरवून घेतलं नाही, पण सगळीकडे बघशील तर अशाही सापडतील ज्यांना कुणी देतच नाही. तुझ्या इंडेक्समध्ये दोघींना सारखेच मार्क. म्हणून चांगले पेपर आधी एक मॉडेल लावून काढतात की या आकाराच्या, या नफ्याच्या, एवढी जमीन-यंत्रं असलेल्या कंपनीवर साधारण किती कर्ज असायला हवं, आणि प्रत्यक्ष कर्ज सलग काही वर्षं त्याहून कमी असेल तर तिला फ्लेक्सिबल म्हणतात. इंडस्ट्रीच्या सरासरीपेक्षा हे किती तरी बरं.

आणि २०२० बद्दल. तुला ते वर्ष अपवाद वाटतंय, मला वाटतं तुझा खरा रिझल्ट तोच आहे. धक्का बाहेरून आला, कुठल्याच कंपनीने मागवला नव्हता, आणि कॅश-कर्जाची स्थिती २०१९ अखेरीस ठरून गेली होती. त्यामुळे २०१९ चा इंडेक्स घे, तो गोठव, आणि २०२० ला त्याच्याशी इंटरॅक्ट कर, म्हणजे त्याचा परिणाम २०२० मध्ये वेगळा आहे का ते बघ. अमेरिकन शेअर्सवर याच पद्धतीचं काम झालंय. २०२० च्या घसरणीत एकाच इंडस्ट्रीतल्या जास्त फ्लेक्सिबल कंपन्यांचे भाव कमी फ्लेक्सिबल कंपन्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी पडले, म्हणजे ९.७ टक्के पॉइंटचा फरक. वर विम्याचा हप्ता म्हटलंय ना, तो इथे वसूल झाला.

उलट्या यूबद्दल एक इशारा. वर्गाचा कोएफिशियंट निगेटिव्ह आणि सिग्निफिकंट आला म्हणून उलटा यू होत नाही. वळणबिंदू काढ आणि बघ तो तुझ्या डेटाच्या आत येतोय का, की अशा ठिकाणी येतोय जिथे मोजून चार कंपन्या आहेत. डाव्या टोकाला उतार खरंच पॉझिटिव्ह आणि उजव्या टोकाला खरंच निगेटिव्ह आहे का तेही टेस्ट कर. बऱ्याचदा नुसती चढण सपाट होत जाते आणि लोक तिला डोंगर म्हणून विकतात.

शंकासुर
सगळं ठीक आहे हो पण एक विसरताय, पैसा मोकळा असला की मॅनेजमेंटचा हातही मोकळा सुटतो. हे १९८६ पासून लोक सांगताहेत, की फुकटचा कॅश फ्लो साठला की साहेब लोक साम्राज्य वाढवायला निघतात, नको त्या कंपन्या विकत घेतात. एका अभ्यासात तर असं निघालं होतं की जिथे गव्हर्नन्स (मॅनेजमेंटवरचा अंकुश) वाईट तिथे कंपनीच्या तिजोरीतला एक डॉलर बाजार ४२ ते ८८ सेंटच धरतो, आणि गव्हर्नन्स चांगलं असेल तिथे त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे शेअरहोल्डर आधीच गृहीत धरून बसलेत की यातला बराच पैसा उडवणार. माझ्या मते @आकडेमोडच्या निगेटिव्हमध्ये हेही मिसळलेलं असणार, सगळं भागाकारावर ढकलू नका.

दुसरं, विमानं बनवणारी बोईंग घ्या. २०१३ ते २०१९ मध्ये ४० अब्ज डॉलरच्या वर शेअर बायबॅकवर (स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर) घालवले. त्या काळात रेशो बघितले असते तर वा काय कार्यक्षम कंपनी. मार्च २०२० मध्ये १३.८ अब्जचं लोन एका झटक्यात पूर्ण उचललं, आणि एप्रिलअखेर २५ अब्जचे बाँड विकले. म्हणजे पैसा मिळालाच की! अमेरिकन फेडने (तिथल्या सेंट्रल बँकेने) मार्चमध्येच जाहीर केलं होतं की आम्ही कॉर्पोरेट बाँड घेऊ, बाजार उघडला, आणि ज्यांनी काही साठवलं नव्हतं तेही तरले. मग काटकसर करून बसलेल्याला काय मिळालं? मोठ्या कंपनीची फ्लेक्सिबिलिटी तिच्या बॅलन्सशीटवर नसतेच, ती सरकार आणि सेंट्रल बँकेकडे असते.

ट्रेझरीवाला
@शंकासुर पैसा मिळाला, पण कशा भावाने मिळाला ते पण बघा. कर्जाचा डोंगर झाला, व्याज वाढलं आणि नंतरची कित्येक वर्षं त्यांना प्रत्येक निर्णय त्या कर्जाकडे बघून घ्यावा लागला. जीव वाचणं आणि हात मोकळे असणं यात फरक आहे. पण मोठ्यांचा मुद्दा मान्य. मध्यम आकाराच्या कंपनीला ती खिडकी उघडत नाही, म्हणून आकाराचा इंटरॅक्शन टाकाच, कॅशचा उपयोग छोट्या-मध्यम कंपन्यांत जास्त दिसेल.

जुना_क्रेडिटवाला
मी बँकेच्या बाजूने लिहितो. आयुष्य प्रपोजल वाचण्यात गेलं त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

अभ्यास करणारे लोक न वापरलेलं लिमिट म्हणजे जवळजवळ कॅशच, असं धरतात. कागदावर ठीक आहे. पण वर्किंग कॅपिटलचं लिमिट चालतं ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे मंजूर १०० असले तरी उचलता किती येतील हे त्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरतं. हिशोब करून दाखवतो. कंपनीचा स्टॉक ६०, क्रेडिटर्स (सप्लायरचं देणं) २०, म्हणजे पैसे दिलेला स्टॉक ४०. २५ टक्के मार्जिन (बँक सुरक्षेसाठी सोडते तो भाग) कापलं, ३० राहिले. डेटर्स (गिऱ्हाइकांकडून येणं) ८०, सगळे वेळेतले, त्यावर २५ टक्के मार्जिन, ६० राहिले. ड्रॉइंग पॉवर ९०. कंपनीने उचललेत ८५. सगळं आलबेल.

आता बाजार थंडावला. गिऱ्हाईक पैसे थांबवतं, डेटर्स वाढून १०० झाले, पण त्यातले ५० नव्वद दिवसांच्या पुढे गेले. ते आम्ही धरत नाही. उरलेल्या ५० वर मार्जिन कापून ३७.५. माल उठत नाही म्हणून स्टॉक ७० झाला, पण कंपनीनेही सप्लायरचे पैसे थांबवलेत म्हणून क्रेडिटर्स ४०. पैसे दिलेला स्टॉक ३०, मार्जिन जाऊन २२.५. एकूण ६०. उचललेले ८५ तसेच. म्हणजे ज्या महिन्यात कंपनीला आणखी २५ हवे होते त्याच महिन्यात बँक म्हणते आधी २५ परत आणा. दुष्काळात तेरावा महिना. बॅलन्सशीटवर मात्र करंट असेट वाढलेले दिसतात, करंट रेशो (वर्षभरातलं येणं भागिले देणं) बरा दिसतो, आणि तुमच्यासारखा बाहेरून बघणारा म्हणतो लिक्विडिटी ठीक आहे.

यात बँकर दुष्ट नसतो. फॉर्म्युलाच तसा आहे, आणि मोठ्या लोनमधले कोव्हेनंटही (कर्जाच्या अटी) तसेच चालतात. नफा पडला की रेशो मोडतो, रेशो मोडला की लाइन गोठते किंवा दर वाढतो. त्यामुळे लाइन ही नफ्यातल्या कंपनीची फ्लेक्सिबिलिटी, आणि कॅश ही अडचणीतल्या कंपनीची. दोन्ही एका बेरजेत टाकणं मला पटत नाही. तुमच्या इंडेक्सचे कॅश आणि डेट हे दोन भाग वेगवेगळे टाकून बघा, बहुधा वेगळं वागतील.

आणखी एक, ज्याकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. कर्ज किती यापेक्षा ते कधी फेडायचंय. अमेरिकेत ऑगस्ट २००७ च्या आसपास बाजार आटला तेव्हा काही कंपन्यांचं लाँग टर्म कर्ज नेमकं त्यानंतरच्या महिन्यांत फेडायचं होतं, बाकी बाबतीत तशाच असलेल्या इतर कंपन्यांचं २००८ नंतर. पहिल्या गटाने दर तिमाहीला भांडवलाच्या तुलनेतली गुंतवणूक २.५ टक्के पॉइंट जास्त कापली, म्हणजे आधी होती त्याच्या साधारण एक तृतीयांश. कर्ज तेवढंच, धंदा तसाच, फक्त वर्षानुवर्षांपूर्वी टाकलेल्या सहीची तारीख वेगळी.

टॉइज आर अस, म्हणजे खेळण्यांच्या दुकानांची अमेरिकन साखळी, ही माझ्या ट्रेनिंग सेशनची आवडती केस. २००५ मध्ये ६.६ अब्ज डॉलरला कर्ज काढून खरेदी झाली, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर. नंतर वर्षाला साधारण ४० कोटी डॉलर नुसतं व्याज. दुकानं ऑपरेटिंग नफा कमवत होती, धंदा मेलेला नव्हता, पण तो नफा व्याजात जायचा आणि ऑनलाइन विक्री, दुकानांची डागडुजी यासाठी काही उरायचं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये कर्जाची पुनर्रचना होणार अशी बातमी फुटली आणि सप्लायर म्हणायला लागले माल हवा तर आधी रोख. सणाच्या हंगामाची खरेदी भरायची वेळ आणि उधारी बंद. त्याच महिन्यात दिवाळखोरी. बँकेच्या आधी सप्लायर पळतो हे नेहमीचं आहे, त्याला फार तर चार दिवस आधी कळतं पण कळतं. क्रेडिटर्सचे दिवस (सप्लायर किती दिवसांची उधारी देतो) अचानक घसरलेले दिसले की मी तरी सावध व्हायचो.

आकडेमोड
बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. रिग्रेशनताई, ऑपरेटिंग असेटवर रिटर्न काढून रन लावला, निगेटिव्ह बराच कमी झाला आणि आता सिग्निफिकंट नाहीये. क्रेडिटवाले काका, तुमचं ऐकून कॅश आणि डेट वेगळे केले, २०२० मध्ये कॅशवालाच भाग काम करतोय, डेटवाला नाही.

दोन शंका. माझ्या डेटाबेसमध्ये न वापरलेल्या लिमिटचे आकडे नाहीयेत, मॅच्युरिटीपण (कर्ज कधी फेडायचं) नाही, मग प्रॉक्सी (त्याऐवजी चालेल असा आकडा) काय घेऊ? आणि सरांना सांगताना एका वाक्यात काय सांगू, की परिणाम पॉझिटिव्ह आहे की नाही?

जुना_क्रेडिटवाला
मॅच्युरिटीला सोपा प्रॉक्सी आहे, एका वर्षात देय असलेला लाँग टर्म कर्जाचा भाग, तो बॅलन्सशीटवर वेगळा दाखवावाच लागतो. त्याला एकूण असेटने भागा. आधीच्या वर्षीचा घ्या, चालू वर्षीचा नको. लिमिटसाठी नोट्समध्ये कुठली असेट तारण आहेत ते लिहिलेलं असतं, निदान सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्यांचं हाताने काढता येईल. कंटाळवाणं काम आहे पण व्हायव्हामध्ये तेवढंच उठून दिसतं. इंटरेस्ट कव्हरेज (नफा व्याजाच्या किती पट) जरूर घ्या, पण त्यात नफा आहे हे विसरू नका, तो परफॉर्मन्सचा प्रॉक्सी होऊन बसेल.

रिग्रेशनताई
सरांना हो की नाही असं एका शब्दात नको सांगूस. सांग की साध्या वर्षांत हिचा खर्च दिसतो, धक्क्याच्या वर्षात परतावा दिसतो, आणि सरासरी काय येणार ते तुझ्या सँपलमध्ये किती वाईट वर्षं पडलीत यावर आहे. दुसऱ्या कुणाच्या पेपरमध्ये २००८ आणि २०२० दोन्ही असतील तर त्यांचं पॉझिटिव्ह येणं सोपं आहे. त्यांना हेही दाखव की सीएफओ लोक स्वतः काय म्हणतात. २००१ मध्ये छापून आलेल्या ३९२ सीएफओंच्या सर्व्हेत कर्ज किती घ्यायचं हे ठरवताना सगळ्यात वरचा निकष फ्लेक्सिबिलिटी हाच निघाला होता, टॅक्सचा फायदा त्याच्या खाली. एवढी माणसं फुकट हप्ता भरणार नाहीत. शंकासुर म्हणतील भरतील, तर त्यासाठी गव्हर्नन्सचा एखादा व्हेरिएबल टाक, प्रमोटरचं होल्डिंग किंवा स्वतंत्र डायरेक्टर, जे मिळेल ते.

शंकासुर
भरतीलच. हप्ता त्यांच्या खिशातून थोडाच जातो.

पण एक कामाचं विचारतो, २०२० म्हणजे तू नक्की काय धरलंयस? ज्या कंपन्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं त्यांच्या मार्च २०२० च्या वर्षात धक्क्याचे शेवटचे काही आठवडेच आहेत, आणि डिसेंबरवाल्यांच्या २०२० मध्ये जवळजवळ सगळं वर्ष. दोघांना एकच डमी (वर्ष दाखवणारा शून्य-एकचा व्हेरिएबल) लावला असशील तर अर्ध्या कंपन्यांना चुकीचं वर्ष लागलंय.

आकडेमोड
एकच लावलाय 😬 मार्चवाल्यांना पुढचं वर्ष लावून परत रन करतो. स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या चुकीचं माप) कंपनीवर क्लस्टर करू, म्हणजे कंपनीनुसार गट धरून काढू, की इंडस्ट्रीवर? इंडेक्स इंडस्ट्रीच्या सरासरीवरून काढलाय म्हणून विचारतोय.

रिग्रेशनताई
इंडस्ट्री किती आहेत? दहा-बाराच असतील तर इंडस्ट्रीवर क्लस्टर करून मिळालेल्या एररवर भरवसा ठेवू नकोस, एवढ्या थोड्या क्लस्टरमध्ये त्या खोट्या लहान येतात. कंपनीवर कर आणि इंडस्ट्री गुणिले वर्षाचे फिक्स्ड इफेक्ट टाक. आणि सरासरी काढताना त्या कंपनीला स्वतःला वगळून काढ, छोट्या इंडस्ट्रीत एकच मोठी कंपनी सगळी सरासरी ओढून नेते.

आकडेमोड
चौदा आहेत. वगळून नव्हती काढली, आत्ता काढतो. मार्चवाल्यांचा नवीन रन आला की इथेच टाकतो.